भुताच्या दाराशी

हे तुम्हा दोघा नातवंडांसाठी लिहिते आहे, पण निमित्त थोरलीच्या निबंधाचं आहे. कॉलेजच्या प्रवेशासाठी लिहिलेला तो निबंध तू मला तपासायला पाठवलास. मी कोपऱ्यावरच्या दुकानातून त्याची छापील प्रत काढून आणली, कारण फोनवर मला चुका दिसत नाहीत. इंग्रजी चांगलं आहे. एक-दोन स्वल्पविराम हलवले, एक विशेषण काढलं. मधल्या परिच्छेदात मात्र तू लिहिलं आहेस की अमरावतीच्या त्या भुताच्या खेळात तुझी मावशीआजी इतकी घाबरली, की तिला स्वतःच्या नवऱ्याचं नावच आठवेना, आणि सगळे पोट धरून हसले. वाक्य व्याकरणानं बरोबर आहे. पण तसं झालं नव्हतं.

निबंध लवकरच पाठवायचा आहे म्हणतेस, म्हणून आजच बसले. तू तो बदलावास असा माझा आग्रह नाही. ते तू ठरव. तिथं खरं काय झालं हे मात्र तुम्हा दोघांना माहीत असावं. जन्मभर शाळेत इंग्रजी शिकवलं, तरी ही गोष्ट मला त्या भाषेत सांगता येत नाही. कुठं अडलं तर आईकडून वाचून घ्या.

मावशीआजी माझी धाकटी बहीण. आम्ही दोघी अमरावतीत एकाच घरात, एकाच वकील बापाच्या धाकात वाढलो. मी शिकत गेले. तिला अभ्यासाचा कंटाळा होता आणि माणसांची हौस, म्हणून मॅट्रिकनंतर तिचं लग्न पातूरकडच्या एका शेतकरी घरात झालं. मोठं एकत्र घर होतं. सासू, आजेसासू, चुलतसासवा सगळ्या तिथंच. चार-सहा महिन्यांतच तिची भाषा तिकडची झाली. माहेरी आली की ‘मले’, ‘तुले’ करायची आणि आमचे वडील कानावर हात ठेवायचे. पुढं मुलांच्या शाळेसाठी त्यांनी अकोल्यात घर बांधलं. भाऊजी, म्हणजे तुमचे अकोल्याचे आबा, रोज मोटरसायकलवरून शेतावर जात आणि संध्याकाळी परत येत.

तिनं त्यांना कधी नावानं हाक मारली नाही. यात विशेष काही नव्हतं. तिच्या घरातल्या एकाही बाईनं ते कधी केलं नव्हतं. नवऱ्याचं नाव घेतलं तर त्याचं आयुष्य कमी होतं, असं तिच्या आजेसासूनं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. नाव घ्यायचं ते उखाण्यात. हळदीकुंकवाला, बारशाला, कुणाच्या लग्नात बायकांनी आग्रह धरला की दोन ओळी जुळवून त्यात ते गुंफायचं, शेवटी ‘राव’ लावून. ते नाव चारचौघींनी ऐकण्यासाठी असतं. नवऱ्याला बोलवायचं तर ‘अहो’.

मी वेगळी होते. तुमच्या आजोबांना मी लग्नानंतर लगेचच नावानं हाक मारायला लागले, सासूबाईंच्या देखत. मला त्याचं मोठं भूषण वाटायचं. बहिणीला मी चिडवायची, “अगं, नाव म्हणजे काय औषधाची गोळी आहे का, जास्त घेतली की माणूस मरायला?”

ती म्हणायची, “तुमचं दोघायचं बरं हाये ताई. तुमी इंग्रजीत मरता.”

आता त्या दिवसाचं. काही वर्षांपूर्वी तुम्ही परदेशातून सुट्टीत आला होतात. जूनचा उकाडा होता, पाऊस नुसता हुलकावण्या देत होता. ती दोघं तुम्हाला भेटायला अकोल्याहून आली होती. इंटरनेटवर शोधून शोधून तो खेळ तुम्हीच काढलात. खोलीत कोंडून घेतात, कोडी सोडवली की दारं उघडतात, आणि आत खरोखरची माणसं भुतं होऊन अंगावर येतात. अमरावतीत असलं काही आहे हे मलाच ठाऊक नव्हतं.

“मले ह्या वयात भूत दाखवून राहिले हे पोट्टे,” बहीण म्हणाली.

“भूत पाहाले एवढ्या दूर कायले जाता?” भाऊजी पेपरातून डोकं न काढता म्हणाले. “सकाळी उठून आरशात पाय.”

“आरशात कायले? मी तं रोजच पाह्यते. माह्यासमोर बसून चहा पेते ते.”

मग तिनं तुम्हाला विचारलं, “तिथं थंडं तं असन ना?” ए.सी. आहे म्हटल्यावर ती पातळ बदलायला उठली.

बडनेरा रस्त्यावरच्या एका नव्या कॉम्प्लेक्सचं तळघर होतं ते. बाहेर काळे पडदे, आत काउंटरवर जीन्स घातलेली एक हसतमुख मुलगी. तिनं नियम सांगितले. फोन इथं ठेवा. आतल्या कलाकारांना हात लावू नका, तेही तुम्हाला लावणार नाहीत. फारच भीती वाटली तर दोन्ही हात डोक्यावर आडवे धरा, आम्ही कॅमेऱ्यात पाहतो, लगेच दिवे लावू. मी विचारलं, आत हवा खेळती आहे का, आणि आग लागली तर दुसरा दरवाजा कुठं आहे. तिनं तो दाखवला. भाऊजींच्या हृदयात आदल्या वर्षी स्टेंट बसवला होता. तेही मी तिला सांगितलं. ते माझ्यामागं उभे राहून म्हणाले, “ताई, तुमी माही कुंडली पण दाखवून द्या.”

गोष्ट अशी रचली होती की आपण एका बंद पडलेल्या जिनिंग फॅक्टरीत शिरलो आहोत. आत कापसाच्या गाठी, गंजलेले पट्टे, लाल दिवा, कुठूनतरी धूर आणि यंत्राची घरघर. थोरले, तू किंचाळलीस. धाकट्या, तू माझा पदर धरलास. भाऊजी पहिल्याच गाठीपाशी थांबले, तिच्यातून चिमूटभर ओढून दोन बोटांत चोळलं आणि म्हणाले, “हे तं उशीतलं पॉलिस्टर हाये.” मग वाकून वास घेतला. “सरकीचा वासच नाई. याले कोन भेईन बाप्पा?”

तेवढ्यात कंदील घेतलेला एक लंगडा चौकीदार अंधारातून अंगावर आला. खर्जातल्या आवाजात त्यानं सांगितलं, की इथून जिवंत कोणी बाहेर गेलेलं नाही. बहीण त्याच्या पायाकडं पाहत म्हणाली, “पायाले काय झालं रे?” तो गडबडला. मग पुन्हा खर्जात म्हणाला, “मशीनमध्ये गेला.” ती म्हणाली, “मंग बसून राह्य ना. उभा कावून हायेस?”

तुम्हाला हे सगळं आठवत असेल. तुझ्या निबंधातही ते छान आलं आहे. कुलुपाचे आकडे तुम्ही दोघांनी भिंतीवरच्या पावत्यांवरून शोधले. दुसऱ्या खोलीत ती पेटी मिळाली तेव्हा तुम्ही किल्ली शोधायला धावलात, आणि आम्ही दोघी बहिणींनी काय केलं? पेटी कानाशी नेऊन हलवली. भुलाबाईच्या दिवसांत आम्ही लहानपणी झाकलेला डबा असाच हलवायचो, आत खिरापत काय आहे ते ओळखायला. “फुटाणे नाईत,” ती म्हणाली. “जड हाये. लोखंड.” मी म्हटलं, “साखळी.” निघाली साखळीच, पण किल्लीशिवाय पेटी उघडायची नव्हतीच, त्यामुळं आमच्या ओळखण्याचा उपयोग शून्य. तरी आम्ही दोघी इतक्या हसलो की मला ठसका लागला. त्या वेळी ती फार आनंदात होती. मला ते आता जास्त आठवतं.

मग पांढऱ्या पातळातली ती मुलगी आली. केस चेहऱ्यावर सोडलेले, हातात बांगड्या, गळ्यातून बारीक रडण्याचा आवाज. ती त्या फॅक्टरीच्या मालकाची बायको, आगीत जळून मेलेली. खरं सांगते, मलाही काटा आला. ती गाठीवर बसून हुंदके देत राहिली आणि आपल्यातला कोणी जवळ जाईना. बहीण गेली. वाकून म्हणाली, “कावून रडून राहिली वो माय? जेवली का काही?”

भुताचे खांदे हलले. रडणं नव्हतं ते, ती हसू दाबत होती. पण मुलगी कसलेली होती. सावरली, उठली, एकेकाच्या तोंडासमोरून बोट फिरवत गेली आणि भाऊजींपाशी थांबली. “हा इथं राहील,” म्हणाली.

भाऊजी एकदम खूश. “चला,” म्हणाले, आणि चौकीदाराच्या मागं चालूही लागले. जाताना बायकोला म्हणाले, “येतो वो. नाई आलो तं तूर विकून टाकजो.” एक लोखंडी दार होतं, त्याला वर हातभर जाळी. ते त्यांच्यामागं धाडकन बंद झालं. भिंतीवर लाल आकडे लागले आणि उलटे पळू लागले.

भूत दारासमोर उभं राहिलं. म्हणालं, “ज्या माणसाचा याच्यावर सगळ्यात जास्त जीव आहे, त्यानंच याला नावानं हाक मारायची. तीनदा. मग दार उघडेल.”

इथंच तुझ्या निबंधातली चूक आहे, बाळ. ती घाबरून नाव विसरली असं तुला वाटलं. तू तेव्हा लहान होतीस, तुला ठाऊक असायचं कारण नव्हतं.

धाकट्यानं आधी “आबा!” म्हणून हाक मारली. भूत म्हणालं, “नाव.” मग त्यानं पूर्ण नाव, आडनावासकट, शाळेत हजेरी घेतात तसं घेतलं. भुतानं मान हलवली. “तू नाहीस.” आणि हळूच वळून बोट बहिणीकडं केलं. तुम्ही दोघं ओरडलात, “मावशीआजी, तुम्ही! तुम्ही मारा हाक!”

ती जाळीपाशी गेली. “अहो,” म्हणाली.

आतून उत्तर आलं, “हौ. ऐकून राहिलो.”

“नाव,” भूत म्हणालं.

“ऐकलं का?”

“ऐकून राहिलो म्हनलं ना. मी काई बहिरा नाई.”

“नाव,” भूत म्हणालं.

तिनं माझ्याकडं पाहिलं. मी हसत होते. मग तिनं भुताकडं पाहिलं, पदर डोक्यावर घेतला आणि म्हणाली, “म्हंजे हे तं दार अडवनंच झालं.” माहीत नसेल तर सांगते: नवी नवरी सासरी आली की नणंदा दारात आडव्या उभ्या राहतात आणि नाव घेतल्याशिवाय आत सोडत नाहीत. ती खाकरली. आणि तिथल्या तिथं, धुरात, लाल दिव्यात, तिनं उखाणा जुळवला:

“काळ्या वावरात फुटली पांढरी कपाशी,
अमुकरावांचं नाव घेते भुताच्या दाराशी.”

अमुकच्या जागी नाव होतं. ते मी इथं लिहीत नाही. तुम्हाला ठाऊक आहे. पण तेव्हा उखाण्यातलं नाव तुम्हाला कळलंच नसेल, नुसतं गाणं वाटलं असेल.

भुतानं टाळ्या वाजवल्या. चौकीदार कंदील खाली ठेवून हसला. छतातल्या स्पीकरमधून एका मुलाचा आवाज आला, “मावशी, एक नंबर! पण हाक मारा. राव वगैरे नको. त्यांना हाक मारा, नुसत्या नावानं.” तुम्ही दोघं उड्या मारत होतात. आणि आतून भाऊजी काहीच बोलले नाहीत. इतका वेळ प्रत्येक शब्दाला उत्तर देणारा माणूस एकदम गप्प झाला होता.

ती जाळीला हात लावून उभी राहिली. तिचा चेहरा मला दिसत नव्हता, फक्त पाठ. आकडे पळत होते. धाकट्या, तू माझा हात धरला होतास. आबा आत का बोलत नाहीत, असं तू मला दोनदा विचारलंस. माझ्या मनात स्टेंट आला, बंद खोली आली, धूर आला. आणि तिचंही आलं: आपल्या बहिणीला परक्या पोरांपुढं असं उभं करून ठेवलं आहे, जे तिला येत नाही ते करायला लावलं आहे, असं. मी वर कॅमेऱ्याकडं पाहून शाळेतल्या आवाजात म्हणाले, “उघडा हो ते दार. ती नाही म्हणायची.”

त्या मुलांनी ऐकलं. म्हाताऱ्या माणसांचा मान ठेवला. दिवे लागले, दार उघडलं, भाऊजी डोळे चोळत बाहेर आले आणि तुम्ही त्यांना मिठ्या मारल्या. काउंटरवर आपण जिंकलो असंच त्यांनी धरलं आणि आपला फोटो काढला. बहीण त्या भुताला म्हणाली, “केस वर बांध वो आता, डोयात जातीन.”

दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही झोपला होतात. आम्ही तिघं स्वयंपाकघरात चहा घेत होतो. भाऊजी बशीत चहा ओतत म्हणाले, “ताई, तुमी जरा घाई केली.”

“कसली घाई?”

“पयलं अक्षर आलं होतं. म्या जाळीले कान लावला होता ना. पयलं अक्षर आलं आन् मी म्हनलं, आता येते पुढचं. तं दारच उघडलं.” आणि ते हसले. “एवढ्या वर्सांत एकडाव तं ऐकाले भेटलं असतं. भुताच्या हातून का होईना.”

बहीण गॅसकडं तोंड करून होती. “काई नाई आलं होतं अक्षर-बिक्षर,” ती म्हणाली. “धुरानं खोकला आला होता.”

“खोकला माह्या नावानं सुरू होते का तुयाला?”

“चहा प्या. गार होऊन राहिला.”

मीही हसले. मला ते नवरा-बायकोचं रोजचं बोलणं वाटलं. पुढं एखाद्या वेळी पुन्हा असं काही निघेल आणि ती म्हणेल, असंही वाटलं असेल. नक्की आठवत नाही. मी तेव्हा त्याचा फार विचार केला नाही, हे खरं.

तुम्ही परत गेलात. थंडीत एका सकाळी भाऊजी शेतावर जाताना रस्त्याकडेला मोटरसायकल लावून खाली बसले. कोणीतरी ओळखीच्यानं गाडीत घालून अकोल्याला दवाखान्यात आणलं. मला फोन आला तशी मी निघाले. अमरावतीहून अकोला म्हणजे काही दूर नाही, पण त्या दिवशी मूर्तिजापूर येता येईना.

ते अतिदक्षता विभागात होते. शुद्ध येत-जात होती, जास्त करून जात होती. आत एका वेळी एकालाच, तेही थोडा वेळ सोडत. सिस्टर त्यांच्या कानाशी वाकून मोठ्यानं त्यांचं नाव घ्यायची, डोळे उघडा म्हणायची. माझ्यासमोर तिनं बहिणीला सांगितलं, “मावशी, तुम्ही हाक मारा. आमच्या आवाजाला नाही देत ते प्रतिसाद, घरच्या आवाजाला कधी कधी देतात. नाव घेऊन मारा.”

बहीण आत गेली. मी काचेतून पाहत होते. ती वाकली, त्यांच्या कपाळावर हात ठेवला, तिचे ओठ हलले. बराच वेळ ती तशीच होती. मग तिला बाहेर यायला सांगितलं. तिनं चप्पल घातली, माझ्याशेजारी बाकावर बसली.

“मारलीस?” मी विचारलं.

“अहो म्हनलं.”

“आणि?”

“नाई उघडले डोये.”

बाकावर आमच्यासमोर कुणाची तरी मुलं बिस्किटं खात होती. ती त्यांच्याकडं पाहत राहिली. मग माझ्याकडं न वळता म्हणाली, “ताई, त्या दिवशी म्या मारनारच होती हाक. खरंच. खोकला नव्हता तो. तू जरा थांबली असती तं तोंडातून निघून गेलं असतं एकदा. एकदा निघालं असतं ना, तं आज पन निघालं असतं.”

हे ती रागानं म्हणाली नाही. तिच्या बोलण्यात राग असता तर मला बरं वाटलं असतं. दाराची कडी अडकली असेल तर ती कशी अडकली हे एखादी बाई दुसरीला सांगते, तसं सांगितलं तिनं. मी तिचा हात धरला. म्हणाले, “पुन्हा सोडतील तेव्हा मार.” ती हो म्हणाली. पुन्हा सोडलं तेव्हा तिनं पुन्हा ‘अहो’च म्हटलं. तिसऱ्यांदा तिच्या मुलाला पाठवलं. त्यानंतर ते गेले.

मी पुष्कळदा स्वतःशी म्हणते, की हाक मारली असती तरी त्यांनी डोळे उघडले नसते. डॉक्टरही तेच म्हणाले. भाऊजी त्या हाकेनं वाचले असते असं तिलाही वाटत नाही. त्यांना ती ऐकायची होती, एवढंच. आणि तिलाही मारायची होती, हे मला आधी माहीतच नव्हतं. मी तिला जन्मभर ओळखते असं समजत होते. आमच्या घरात ती लहानपणापासून उत्तर द्यायला वेळ लावायची आणि मी तिच्या वतीनं उत्तर द्यायची. वडिलांना, पाहुण्यांना, शाळेतल्या बाईंना. ते दोघींच्या इतकं अंगवळणी पडलं होतं की त्या तळघरातही मी तेच केलं, आणि मला ते प्रेम वाटलं. नसेल असंही नाही. पण ती बोलायला वेळ लावते म्हणजे ती बोलणार नाही असं नव्हतं.

तेराव्यानंतर बायका येत-जात होत्या. तिच्या सासरची एक म्हातारी काकू बसली होती. बहीण तिला म्हणाली, “नाव घेतलं असतं तं मी म्हनलं असतं, माह्यापाई गेले. नाई घेतलं, तरी गेलेच. मंग कायले सांभायलं वो इतके वर्सं?” काकूनं बहिणीच्या पाठीवरून हात फिरवला आणि आपलं नाक पुसलं. नवरा गेल्यावर बाईला कोणी उखाणाही घ्यायला सांगत नाही. म्हणजे तिचा तोही रस्ता बंद झाला होता.

मागच्या महिन्यात मी आठवडाभर अकोल्याला राहून आले. दुपारी जेवून जरा आडवी झाले होते. माजघरातून तिचा आवाज आला. तिनं भाऊजींना हाक मारली. नुसत्या नावानं, राव नाही, अहो नाही, चहा झाला की माणसाला बोलावतात त्या आवाजात. मग थांबून पुन्हा एकदा. मी उठून गेले. ती तूर निवडत बसली होती.

“काय गं?” मी म्हटलं.

“काई नाई. सराव करून राहिली.” तिनं सुपातला एक खडा काढून बाजूला टाकला. “वर गेल्यावर कोनी दार अडवलं तं? तवा काय पुन्हा तुले बोलावू का, उघडा म्हनाले?”

मी हसले, आणि मग मला हसता आलं नाही. तिनं सूप माझ्याकडं सरकवलं आणि दोघींनी मिळून तूर निवडली.

आता ती नाव सगळीकडं घेते. गॅसवाल्याशी बोलताना, शेत बटाईनं केलेल्या माणसाशी बोलताना, शेजारणीला जुनं काही सांगताना. आधी थोडी थांबते, मग घेते. पहिलं अक्षर जरा ओढून येतं, बाकीचं सरळ येतं. तिच्या सुनांना त्याचं आता काही वाटत नाही. मी तिच्या आधी काही बोलत नाही.

भाऊजी नाहीत. मोटरसायकल विकली. बडनेरा रस्त्यावरच्या त्या तळघरात आता फर्निचरचं दुकान आहे. शेत आहे, अकोल्याचं घर आहे, बहीण आहे. आणि त्यांचं नाव आहे. ते ती रोज घेते.